वसुलीच्या कागदांचे वजन

१. प्रश्नाचे स्वरूप

थकलेल्या कर्जाची वसुली बहुधा तीन पायऱ्यांनी येते. आधी फोन, मग वकिलाची नोटीस, मग न्यायालयाचे समन्स. पहिल्या दोन पायऱ्यांवर कर्जदार पार हादरतो. तिसरी येईपर्यंत तो इतका थकलेला असतो की पाकीट न उघडताच कपाटात टाकतो. खरे तर हे उलट व्हायला हवे. वकिलाच्या नोटिशीत स्वतःची अशी सक्ती क्वचितच असते. समन्सकडे पाठ फिरवली, तर मात्र कर्जदाराची बाजू न ऐकताच एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. नोटिशीची भीती आणि समन्सची उपेक्षा या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: हातात आलेला कागद ओळखता न येणे.

हा कागद ओळखण्याची एक पद्धत आहे. कोणताही वसुलीचा कागद आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. तो कोणी काढला? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला? आणि त्याने कोणती मुदत सुरू झाली? या तीन उत्तरांवरून कागदाचे खरे वजन कळते. भाषा किती कडक आहे, अक्षरे लाल आहेत की काळी, वर तराजूचे चित्र आहे की नाही, याचा त्या वजनाशी काही संबंध नाही.

कर्ज बुडवण्याच्या युक्त्या सांगणे हा या विवेचनाचा हेतू नाही. घेतलेले पैसे फेडणे हे कर्तव्यच आहे. पण फेड करताना माणसाची अब्रू, झोप आणि घरातली शांतता गहाण पडत नाही, हेही कायद्यानेच मान्य केलेले आहे. महाराष्ट्रात बँका, वित्त कंपन्या, पतसंस्था आणि सावकार यांच्याकडून येणारे कागद डोळ्यांपुढे ठेवून पुढील मांडणी केली आहे.

२. सुप्याचा धडा

या विषयाला महाराष्ट्रात दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. पुढे तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख होता तो रोखे, खाती आणि हुकूमनाम्यांवर. ते कागद ताब्यात घेऊन जाळले गेले.

रयतेचा राग कागदावर का होता, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचा भाव कोसळला आणि कर्ज फिटेनासे झाले. त्याआधी १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. सावकारांनी त्यावर तोड काढली. तीन वर्षे भरत आली की जुनी बाकी आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा, त्यावर कुळाचा अंगठा घ्यायचा, की मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. ज्या कायद्याने कुळाचे रक्षण व्हायचे, त्याच कायद्याने कर्ज फुगत गेले. शिवाय कुळे न्यायालयात हजर होत नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातल्या तीन तरतुदी या विषयाच्या गाभ्याशी आहेत. न्यायाधीशाने प्रतिवादी शेतकऱ्याची स्वतः तपासणी करावी. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास पाहावा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

१८७५ चे दोन्ही सापळे आजही शाबूत आहेत. मुदत नव्याने सुरू करणारी सही आजही अजाणता केली जाते आणि एकतर्फी हुकूमनामे आजही होतात. बदलले आहे ते हे, की आजची दिवाणी प्रक्रिया संहिता प्रतिवादीला शोधून त्याची बाजू काढून घेण्याची सक्ती न्यायाधीशावर घालत नाही. कर्जदाराने स्वतःच पुढे यायला हवे.

३. कागदांचे वर्गीकरण

पहिला वर्ग: ज्यात स्वतःची सक्ती नाही असे कागद. साधी वकिली नोटीस यात येते. तिची रचना ठरलेली असते: 'आमच्या अशिलाने दिलेल्या माहितीवरून व अधिकारावरून', मग खाते क्रमांक आणि बाकीची रक्कम, मग 'सात दिवसांत न भरल्यास दिवाणी व फौजदारी कारवाई करण्यात येईल' आणि शेवटी नोटिशीचा खर्चही कर्जदाराच्या माथी. हा अशिलाचा वकिलामार्फत कळवलेला निरोप आहे. त्यावर न्यायालयाचा शिक्का नसतो, दावा क्रमांक नसतो. एकाच मजकुरात नाव, खाते आणि आकडा बदलून अशा नोटिसा घाऊक निघतात. दावा लावायचा तर न्यायालयीन शुल्क भरावे लागते, मूळ कागदपत्रे हजर करावी लागतात, साक्षीदार उभा करावा लागतो. नोटिशीला त्यातले काहीच लागत नाही. म्हणूनच नोटिसा भरपूर आणि दावे त्यामानाने कमी, असे चित्र दिसते.

'लघुवाद न्यायालयात खेचू' ही धमकीही याच वर्गात बसते. त्या नावाची न्यायालये आपल्याकडे आहेत. १८८२ आणि १८८७ च्या कायद्यांनी ती लहान रकमांच्या दाव्यांसाठी स्थापली गेली. पण मुंबईच्या लघुवाद न्यायालयाचे बहुतेक काम आज घरमालक आणि भाडेकरूंच्या वादांचे आहे. बँक किंवा वित्त कंपनी वसुलीचा दावा साधारणपणे दिवाणी न्यायालयात लावते. रक्कम २० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर बँका आणि तत्सम संस्था कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जातात.

लोकअदालतीची नोटीस याच वर्गातली, पण तिचा सर्वाधिक गैरसमज होतो. तिच्यावर विधी सेवा प्राधिकरणाचे किंवा तालुका समितीचे नाव असते, तारीख असते, न्यायालयाच्या आवाराचा पत्ता असतो. दावा दाखल होण्याआधीचीच प्रकरणे तेथे तडजोडीसाठी ठेवली जातात. न गेल्यास शिक्षा नाही आणि संमतीशिवाय निवाडाही नाही. मात्र तेथे तडजोडीवर सही केली की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ नुसार तो निवाडा हुकूमनाम्यासारखा ठरतो आणि त्यावर अपील नाही. जाणे ऐच्छिक आहे आणि अनेकदा फायद्याचेही. पण सही करण्यापूर्वी आकडा आणि हप्ते पुन्हा पुन्हा वाचावेत.

दुसरा वर्ग: वकिलाने किंवा धनकोने काढलेले, पण कायद्याने मुदत बांधलेले कागद. यात तीन महत्त्वाचे.

चेक न वटल्याची नोटीस हा त्यातला सर्वांत धारदार कागद. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ नुसार, चेक परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत धनकोने लेखी मागणी करायची असते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत कर्जदाराने पैसे द्यायचे असतात. न दिल्यास पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार होऊ शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तरी २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली अशीच कारवाई होते. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोस्टमनला परत केली, तरी ती बजावली गेल्याचे गृहीत धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ते स्पष्ट केले. त्याच निकालात एक दिलासाही आहे: नोटीस मिळालीच नव्हती असे म्हणणाऱ्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली, तर तक्रार फेटाळण्याची विनंती त्याला करता येते. 'सुरक्षेसाठी' म्हणून सही करून दिलेला कोरा चेकही कर्जदाराविरुद्ध कायदेशीर गृहीतक उभे करतो. म्हणून असा चेक देताना तो कशासाठी दिला, याची लेखी पोच घ्यावी.

दुसरी नोटीस सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची. घर किंवा दुकान तारण असेल आणि खाते बुडीत वर्गात गेले असेल, तर ६० दिवसांची मुदत देऊन ती येते. कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर तारणधारक संस्थेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ताबा घेण्याची कारवाई सुरू झाल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागू नाही, आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या बाकीलाही नाही. सहकारी बँकांना तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ठरवून टाकले.

तिसरी नोटीस लवादाची. कर्जाच्या करारातल्या बारीक अक्षरांत लवादाचे कलम असते आणि एके दिवशी दूरच्या शहरातल्या लवादाचे पत्र येते. निकालात रस असलेल्या पक्षाने एकट्यानेच लवाद नेमणे टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. पण हे सांगायला लेखी हरकत घ्यावी लागते. घेतली नाही तरी निवाडा होतो. तो रद्द करून घेण्याची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असल्यास आणखी ३० दिवसांची. ती गेली की निवाडा हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो.

तिसरा वर्ग: न्यायालयाचे किंवा अर्धन्यायिक अधिकाऱ्याचे कागद. दिवाणी समन्स, फौजदारी समन्स, जप्तीचे वॉरंट, आणि महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा असा सहकार खात्याचा कागद. पतसंस्थेचे कर्ज थकले की संस्था बहुधा दिवाणी न्यायालयात जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली ती निबंधकाकडे अर्ज करते आणि चौकशीनंतर वसुली दाखला मिळवते. लोक त्याला 'एकशे एकचा दाखला' म्हणतात. त्यावर कलम १५६ खाली वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचे, तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून सहायक निबंधकाच्या कार्यालयातून सुनावणीची नोटीस आली की त्याच तारखेला जावे, व्याजाचा हिशोब मागावा आणि म्हणणे लेखी द्यावे. जामीनदारानेही जावे. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि 'कर्ज मी घेतलेच नाही' हा त्याचा बचाव होऊ शकत नाही.

४. तीन वर्षांचे गणित

१९६३ च्या मुदत कायद्यानुसार साध्या, बिनतारणी कर्जाच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. तारण मालमत्तेवरून वसुलीची मुदत १२ वर्षे. मुदत उलटल्यावर आलेला दावा, प्रतिवादीने मुद्दा मांडला नाही तरी, फेटाळणे हे न्यायालयावर कायद्याने बंधनकारक आहे. जुनी बाकी मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोविडकाळातली १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ ही मुदत सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने वगळली जाते.

१८७५ चा पहिला सापळा इथे पुन्हा भेटतो. कलम १८ नुसार, मुदत संपण्याआधी कर्जदाराने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मोजली जातात. मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्याची कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी नोंद असली, तर कलम १९ चा परिणामही तोच. मुदत उलटून गेल्यावरही 'हे कर्ज मी फेडीन' असे सहीनिशी लिहून दिले, तर करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार ते वचन नव्याने बंधनकारक होते. वसुलीचा माणूस 'बाकीच्या खातरजमेसाठी' जे पत्र पुढे करतो, किंवा 'थोडे तरी भरा, मग साहेबांशी बोलतो' असे जे म्हणतो, त्यामागे बहुधा हे गणित असते.

मुदत संपली म्हणून देणे नाहीसे होत नाही. ते न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग बंद होतो. जुने देणे मनाने मान्य असेल, तर जरूर फेडावे. पण तो निर्णय कर्जदाराचा असावा, डोळे उघडे ठेवून घेतलेला. फोनवरच्या घाईत केलेल्या सहीने तो होऊ नये.

५. समन्स आल्यावर

समन्स ओळखणे सोपे आहे. वर न्यायालयाचे नाव, वादी आणि प्रतिवादीची नावे, दावा क्रमांक, हजर राहण्याची तारीख, न्यायालयाचा गोल शिक्का आणि सोबत दाव्याची प्रत. अनेकदा बेलिफ ते घरी आणतो. शंका आल्यास ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून प्रकरण खरोखर दाखल आहे का, ते घरबसल्या पाहता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'कोर्ट ऑर्डर'ची पहिली परीक्षा हीच.

समन्स घेण्यास नकार देऊन काही साधत नाही. नकार मिळाल्यास बेलिफ ते दारावर चिकटवू शकतो, न्यायालय जाहीर प्रकटनाचा आदेश देऊ शकते आणि बजावणी झाल्याचे धरले जाते. सर्वसाधारण दाव्यात लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते आणि न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वांत काळजी घ्यायची ती संक्षिप्त दाव्यात. दिवाणी संहितेच्या आदेश ३७ खाली लेखी करार, हुंडी किंवा वचनचिठ्ठीवरून असा दावा लागतो. त्यात हजेरी नोंदवायला फक्त १० दिवस मिळतात. पुढे बचावाची परवानगी मागायलाही १० दिवसच. ते चुकले की वादीचे म्हणणे मान्य धरून हुकूमनामा होतो. म्हणून समन्सच्या पहिल्या पानावर 'आदेश ३७' किंवा 'समरी सूट' हे शब्द दिसतात का, ते त्याच संध्याकाळी तपासावे.

एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर ते ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती मिळाल्या दिवसापासून धरतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखालचे उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

६. तुरुंगाची धमकी

'उद्या पोलीस घरी येतील' हे वाक्य कर्जदाराला सर्वांत जास्त छळते. म्हणून ते नीट तपासले पाहिजे. हप्ता थकणे हा गुन्हा नाही. फसवणुकीचा गुन्हा ठरायला कर्ज घेतानाच बुडवण्याचा हेतू असावा लागतो. नोकरी गेली, आजारपण आले, धंदा बसला म्हणून हप्ते थांबले, तर ती फसवणूक होत नाही. चेक न वटल्याच्या प्रकरणात फौजदारी तक्रार खरी असते, पण तिची सुरुवात न्यायालयाच्या समन्सने होते आणि गुन्हा जामीनपात्र आहे. तारखांना गैरहजर राहिल्यास मात्र वॉरंट निघते.

दिवाणी हुकूमनाम्यापोटी कैद ही तरतूद संहितेत आहे, पण ती अतिशय आवळलेली आहे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की केवळ फेडता येत नाही म्हणून माणसाला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून अप्रामाणिकपणे टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. कैदेपूर्वी कर्जदाराला कारण दाखवण्याची संधी मिळते. आणि पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करता येत नाही, हे संहितेच्या कलम ५६ ने नि:संदिग्ध सांगितले आहे.

वसुली करणाऱ्याच्या वागण्यालाही मर्यादा आहेत. वसुलीसाठी गुंडगिरी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करण्यास मनाई केली. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसणे, हेही त्यात निषिद्ध आहे. कर्जदाराच्या मृत्यूनंतर पत्नीला किंवा मुलांना फोन येतात. वारसांची जबाबदारी त्यांना मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, त्यांच्या स्वतःच्या कमाईवर ती येत नाही. जाच होत असेल तर फोनची वेळ आणि क्रमांक वहीत टिपून आधी संस्थेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क नाही.

खासगी सावकाराच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे: त्याच्याकडे परवाना आहे का? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि अशा सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही. व्याजापोटी बळकावलेल्या जमिनीसाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. मित्राने अडचणीत दिलेले हातउसने पैसे मात्र सावकारी ठरत नाहीत.

७. जप्ती कुठे थांबते

हुकूमनामा झाला तरी वादीला दरखास्त दाखल करून मालमत्ता दाखवावी लागते. त्यातही संहितेचे कलम ६० एक रेघ आखते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारे होत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेपुरती जनावरे, बियाणे आणि तो स्वतः राहत असलेले घर होत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि सरकारी निवृत्तिवेतनालाही संरक्षण आहे.

पगाराचा हिशोब उदाहरणाने पाहू. महिन्याचा पगार ३१,००० रुपये आहे असे धरू. पहिले १,००० वगळायचे. उरलेल्या ३०,००० पैकी दोन तृतीयांश, म्हणजे २०,००० सुरक्षित. जप्तीखाली जास्तीत जास्त १०,००० येतात. तीही एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण २४ महिनेच. 'पगार पूर्ण बंद करू' या धमकीपुढे हा हिशोब मांडला की तिचे खरे माप कळते. अर्थात हे संरक्षण दिवाणी जप्तीपुरते आहे. ज्या खात्यात पगार येतो त्याच बँकेचे कर्ज असेल, तर त्या खात्यातून रक्कम वळती करण्याचा हक्क बँक सांगू शकते, याची आधीच काळजी घ्यावी.

८. उत्तराची रचना

साध्या नोटिशीला उत्तर देण्याची सक्ती नसली तरी उत्तर द्यावे. गप्प राहणे पुढे न्यायालयात विरुद्ध जाऊ शकते, आणि लेखी उत्तर हाच कर्जदाराच्या बाजूचा पहिला पुरावा असतो. उत्तर लहान असावे, भावनिक नसावे आणि त्यात नकळत कबुली नसावी. त्याचा सांगाडा असा:

'आपली अमुक तारखेची नोटीस मिळाली. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून हे उत्तर देत आहे. नोटिशीतील रक्कम मी मान्य करत नाही. पुढील कागदपत्रे पाठवावीत: मूळ कराराची प्रत, सुरुवातीपासूनचा खातेउतारा, व्याज व दंडाची स्वतंत्र आकारणी, आणि कर्ज दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित झाले असल्यास त्याचा करार. ती मिळाल्यावर मी सविस्तर उत्तर देईन. यापुढील संपर्क लेखी स्वरूपात करावा.'

हे स्पीड पोस्टने, पोच घेऊन पाठवावे आणि प्रत जपून ठेवावी. कर्जे एका संस्थेकडून दुसरीकडे विकली जातात, तेव्हा 'आपला अशील नेमका कोण आणि त्याचा माझ्यावर हक्क कसा' हा प्रश्न नुसता औपचारिक राहत नाही. एकाच बाकीसाठी दोघांना पैसे देण्याची पाळी त्याने टळते. वकिलाच्या वागण्याबद्दल गंभीर तक्रार असेल, उदाहरणार्थ खोटा न्यायालयीन आदेश पाठवला असेल, तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे दाद मागता येते. कलम १३८ च्या नोटिशीला मात्र हा साधा मसुदा पुरत नाही. तेथे १५ दिवसांचे घड्याळ चालू असते, म्हणून थेट वकील गाठावा.

९. तडजोड

रक्कम खरीच देणे असेल, तर तडजोड हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी आधी घरखर्च वजा करून महिन्याला किती झेपेल, हे कागदावर मांडावे. न झेपणारा हप्ता कबूल करणे म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा त्याच जागी येणे. एकरकमी तडजोडीत पैसे भरण्यापूर्वी संस्थेच्या लेटरहेडवरचे पत्र हातात हवे. त्यात रक्कम, तारीख, 'यानंतर काही बाकी राहणार नाही' हे वाक्य आणि प्रलंबित दावे व तक्रारी मागे घेण्याचे आश्वासन असावे. पैसे कर्जखात्यातच भरावेत, कोणा प्रतिनिधीच्या वैयक्तिक खात्यात कधीही नाही. रक्कम भरल्यावर नाहरकत दाखला, कोरे चेक आणि तारणाची मूळ कागदपत्रे परत घ्यावीत. सवलतीने मिटवलेले खाते पतअहवालात 'सेटल्ड' असे दिसते आणि पुढचे कर्ज मिळताना ते आड येऊ शकते. हे माहीत असूनही तडजोड योग्य ठरू शकते. पण ते आधी माहीत असावे.

दावा चालू असतानाही हा मार्ग बंद होत नाही. दोन्ही पक्षांची तडजोड न्यायालय नोंदवून घेते. तडजोड झाली नाही, तरी हुकूमनामा देताना पुरेसे कारण असल्यास रक्कम हप्त्यांनी भरण्याची मुभा देण्याचा अधिकार संहितेच्या आदेश २० नियम ११ ने न्यायालयाला दिला आहे. हा अर्ज करायला कर्जदार न्यायालयात हजर असावा लागतो. जो आला त्याला हप्ते मिळू शकतात. जो आला नाही त्याच्यावर पूर्ण रकमेचा एकतर्फी हुकूमनामा होतो.

१०. निष्कर्ष

वरच्या सर्व तरतुदी एकत्र पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. आपला कायदा कर्जदाराला वाऱ्यावर सोडत नाही, पण तो आपणहून त्याच्या दारीही येत नाही. ३० दिवस, १५ दिवस, १० दिवस, तीन वर्षे, हे आकडे धनकोच्या वकिलाला तोंडपाठ असतात. कर्जदाराला ते माहीत नसतात, आणि वसुलीच्या धमकीची बरीचशी ताकद या अंतरातून येते. कर्जाची रक्कम दोघांसाठी सारखीच असते. माहिती सारखी नसते.

हे अंतर कमी करणे एकट्या कर्जदारावर सोपवून भागणार नाही. ग्रामपंचायत, महिला बचत गट, पतसंस्थेची वार्षिक सभा, महाविद्यालयाचा विधी साहाय्य कक्ष, अशा ठिकाणी नोटीस आणि समन्स यांतला फरक शिकवला गेला पाहिजे. चेक लिहायला शिकवतो, तसेच तो परत आल्यावर काय होते हेही शिकवले पाहिजे. बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी वसुलीच्या प्रत्येक पत्रावर स्पष्ट मराठीत छापावे, की हे पत्र न्यायालयाचे नाही आणि मोफत कायदेशीर मदत कोठे मिळते. प्रामाणिक वसुलीला यातून कसलीही बाधा येत नाही.

तोवर कर्जदाराने एवढे तरी करावे: प्रत्येक पाकीट त्याच दिवशी उघडावे, त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी, तीन प्रश्न विचारावेत, आणि कागदावर न्यायालयाचा किंवा निबंधकाचा शिक्का असेल तर ठरल्या तारखेला हजर व्हावे.